अमेरिकेने परदेशी इंजिनिअर घेणं थांबवलं तर तिचं अडेल का, आणि आपला फायदा होईल का?

अडेल. पण लगेच नाही, आणि आयटीतल्या पोरांमुळे तर नाहीच.

तुम्ही प्रश्नात बहुतेक फक्त एच-१बी धरलाय, म्हणजे परदेशी कुशल माणसाला तिथे काही वर्षं नोकरी करू देणारा व्हिसा. त्याची मर्यादा वर्षाला ६५,०००, शिवाय तिथेच मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. खरं परावलंबन त्याच्या एक पायरी आधी आहे, पीएच.डी.त. कॉम्प्युटर सायन्समध्ये तिथे होणाऱ्या निम्म्याहून जास्त पीएच.डी. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यांच्या असतात. अमेरिकन मुलं ढ आहेत असं नाही. चार वर्षांची डिग्री झाली की त्यांना चांगला पगार मिळतो. मग पुढची पाच-सहा वर्षं स्टायपेंडवर लॅबमध्ये कोण घासणार? आपल्या मुलाचा हिशोब वेगळा. त्याला पदवीही मिळते आणि त्या देशात शिरायची वाटही. मी जळगावात डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमच्याकडून पुढे डिग्री करून तिकडे गेलेली पोरं हाच हिशोब सांगतात.

आणि एवढं शिकवून झाल्यावर अमेरिका त्यांना रांगेत उभं करते. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं, म्हणजे तिथे कायम राहायचे परवाने, वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला सात टक्क्यांच्या आसपास. भारतीयांची रांग त्यामुळे कित्येक वर्षं लांबलीय. हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो.

टीएसएमसी ही चिप बनवणारी तैवानी कंपनी उभी करणाऱ्या मॉरिस चँगचं उदाहरण बघा. जन्म चीनमधला, शिक्षण अमेरिकेतल्या एमआयटीत, मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन चिप कंपनीत पंचवीस वर्षं. तिथे वरची जागा मिळण्याची आशा संपली. १९८५ मध्ये तैवानने त्यांना बोलावून सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेचं प्रमुख केलं आणि १९८७ मध्ये टीएसएमसी उभी राहिली. आता त्याच कंपनीचा कारखाना अ‍ॅरिझोनात उभा करायला तैवानहून इंजिनिअर न्यावे लागले! गंमत म्हणजे चँग त्याआधी तैवानमध्ये कधी राहिलेलेही नव्हते. म्हणजे टीएसएमसीही बाहेरून आणलेल्या माणसानेच उभी केली. बाहेरची माणसं घेण्यात कमीपणा नसतोच. त्यांच्या शेजारी आपली माणसं शिकायला उभी केली की नाही, एवढंच बघायचं.

आपलं बघायचं तर धुळे जिल्ह्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर जा. तिथे पवनचक्क्या उभारणाऱ्या सुझलॉनची सुरुवात १९९५ मध्ये सुडविंड या जर्मन कंपनीच्या तंत्रज्ञानावर झाली. पुढे त्यांनी संशोधनाची केंद्रं जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये काढली, कारण पातं आणि गिअरबॉक्स समजणारी माणसं तिकडे होती. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच. पण आपल्याकडच्या आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांच्या वाट्याला बहुतेक मेंटेनन्स येतो. पट्टा बांधून टॉवरवर चढायचं, तेल बदलायचं, सेन्सर बदलायचा. पात्याचा आकार असाच का, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपला फायदा होईल का. अमेरिकेने दार लावलं तर माणसं आपोआप भारतात येणार नाहीत. २०२३ च्या जुलैत कॅनडाने एच-१बीवाल्यांसाठी १०,००० वर्क परमिट काढली, ती दोन दिवसांच्या आत संपली. आपण संशोधनावर जीडीपीच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो, अमेरिका तीनच्या वर. परतणारा पुणे, बंगळूर, हैदराबादला थांबेल, कारण त्याला लागणारी यंत्रं आणि त्याच्या विषयातले चार लोक तिथेच भेटतात. खान्देशात तो यायचा असेल तर आधी इथल्या कॉलेजांमधल्या प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा कायमच्या भराव्या लागतील. तासिका तत्त्वावरचा माणूस सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास घेतो. तो संशोधन कधी करणार आणि पोरांना काय दाखवणार?