बिनकर्जाचे घर आणि घरातली उधारी

‘कर्ज न काढता घर बांधायचे म्हणून आम्ही सगळे मन मारून राहतो, पण घरात सतत धुसफूस असते, मग आमचा निर्णयच चुकला का?’ ठाण्यात कौटुंबिक समुपदेशन करताना हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे वारंवार येतो. त्याचे उत्तर एका जोडप्याच्या अनुभवातून देणे मला सोपे वाटते. त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

कळव्यात भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहणारे हे कुटुंब. पती ऐरोलीजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर, पत्नी खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आणि मुलगी नववीत. शहापूर तालुक्यातल्या गावठाणात वाटणीने पतीच्या वाट्याला आलेल्या जागेवर दोन खोल्या, पडवी आणि मागे न्हाणीघर असे घर हप्त्याहप्त्याने उभे राहत होते. पैसे साठले की काम, संपले की थांबा. आधी बोअरवेल झाली, मग जोते झाले, मग भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या आणि तेवढ्यात पावसाळा आला. पुढच्या वेळी मुकादम दुसऱ्या कामावर अडकलेला, उघड्या सळया गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचे पाणी फासायला रविवारी पहाटेची कसारा लोकल पकडायची, असा सगळा प्रकार.

आपला पगार यापुढे घराच्या खात्यात भरणार नाही असे पत्नीने सांगितले, तेव्हा ते दोघे माझ्याकडे आले. पहिल्या भेटीत पतींनी हिशेबाची वही उघडली. सिमेंटच्या गोण्या, सळई, रेती, गाडीभाडे, मजुरी, सारे तारीखवार. शेवटच्या पानावर त्यांनी एक गणित मांडले होते: 15 लाखांचे कर्ज 8.5 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे 14,800 रुपये हप्ता बसतो आणि मुद्दल सोडून साडेअकरा लाखांहून अधिक व्याज जाते. गणित बरोबर होते आणि मी ते तसे म्हटलेही, कारण समोरच्याचा निर्णय मुळातच वेडगळ आहे असे गृहीत धरून बोलणारा समुपदेशक त्याच्या काहीच उपयोगी पडत नाही. शिवाय गावठाणातल्या बांधकामाला कर्ज देताना बँका कागदपत्रांवरून बऱ्याचदा खळखळ करतात, हेही त्यांच्या बाजूने होते.

पत्नी वहीकडे पाहत नव्हत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या फ्रिजच्या दाराचे रबर गेले आहे. दोन वर्षे दार नाडीने बांधून ठेवतो. आणि तिकडे गावाला सागवानी चौकट येऊन पडली आहे, ताडपत्री घालून.” मग एकेक गोष्ट बाहेर आली. त्यांच्या दाढेचे रूट कॅनाल दोनदा पुढे ढकलले होते, मुलीची शाळेची सहल बुडाली होती आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे नूतनीकरण ‘या वर्षी राहू दे’ म्हणून राहिले होते. यातले काहीही वहीत नव्हते. बँकेचे व्याज त्यांनी पैशापैशापर्यंत मोजले होते. घरातल्या माणसांकडून न विचारता घेतलेली उसनवार मात्र कुठेच लिहिलेली नव्हती.

त्याग सोसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. जो त्याग आपण ठरवला, ज्याची मर्यादा आणि मुदत आपल्याला ठाऊक आहे, तो सहसा जड जात नाही. आपल्या वतीने दुसऱ्याने ठरवलेला आणि कधी संपणार हे माहीत नसलेला त्याग मात्र दाढेच्या दुखण्याइतकाच रोज ठणकतो. त्यामुळे ‘कर्ज हवे की नको’ हा वाद मी काही काळ बाजूला ठेवला आणि पतींना विचारले की कर्ज म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे काय येते.

उत्तर यायला बराच वेळ लागला. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या असंख्य जणांना पुन्हा कामावर जाता आलेच नाही. घर चालवायला वडिलांनी पठाणी व्याजाने पैसे घेतले, आईच्या पाटल्या गेल्या आणि वसुलीचा माणूस चाळीच्या गॅलरीत येऊन उभा राहू लागला की या मुलाला ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगायला पुढे केले जाई. पत्नीच्या माहेरी उलट अनुभव होता. डोंबिवलीचे घर कर्जावरच घेतलेले, हप्ते वेळेवर फिटलेले, शेवटच्या हप्त्याला पेढे वाटलेले. लग्नाला सोळा वर्षे झाली तरी गॅलरीतल्या त्या माणसाची गोष्ट पत्नींनी त्या दिवशी प्रथमच ऐकली.

अशी भीती समजली म्हणून ती लगेच जात नाही, आणि ती जावी असा माझा आग्रहही नव्हता. मात्र सावकाराचे कर्ज आणि आजचे गृहकर्ज यांत फरक आहे, हे त्यांच्यासमोर मांडणे आवश्यक होते. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडले तर बँक दंड आकारू शकत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही त्यांचा कल कर्जाकडे वळला नाही, आणि तो त्यांचा हक्क होता.

बोलणी पुढे सरकली ती वेगळ्या दिशेने. उपचार, आरोग्य विमा आणि मुलीचे शिक्षण यांना बांधकामासाठी हात लावायचा नाही, असे दोघांनी लिहून काढले. मुलीलाही एका बैठकीला बोलावले, कारण काटकसरीत तिचा वाटा होता आणि तिला कोणी काही विचारले नव्हते. तिने सहलीचा विषयही काढला नाही. गावच्या घरात अभ्यासाला खिडकीजवळ जागा मिळेल का, एवढेच विचारले. नकाशात तशी खिडकीच नव्हती. पुढच्या वर्षी मे अखेरपर्यंत घरावर छप्पर आले नाही, तर उरलेल्या कामापुरते छोटे कर्ज काढायचे, ही अट पतींनी मोठ्या नाखुशीने मान्य केली.

एक मुद्दा मी स्वतःहून काढला, कारण तो बायका सहसा काढत नाहीत. ज्या घरासाठी पत्नीचा पगार जात होता, त्यावर त्यांचे नाव कुठेच नव्हते. ग्रामीण भागातले घर ग्रामपंचायतीच्या दप्तरी पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याची तरतूद महाराष्ट्रात 2003 पासून आहे. अर्थात ग्रामपंचायतीच्या या नोंदीचा, म्हणजे नमुना 8 चा, उतारा कर आकारणीपुरता असतो, तो मालकीचा पुरावा ठरत नाही. म्हणून जागेच्या हक्काबाबत वकिलांचा सल्ला घ्या, असेही मी सांगितले. पती काही क्षण गप्प झाले आणि म्हणाले, “हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.” पत्नींनी त्यावर काही म्हटले नाही, पण त्या दिवशी वही त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली.

काम अजून पुरे झालेले नाही. रूट कॅनाल झाले, विमा नव्याने घेतला आणि त्यामुळे स्लॅबचे पैसे अर्थातच मागे पडले. अलीकडच्या भेटीत स्लॅबऐवजी मंगलोरी कौले घालावीत का यावर दोघांचे जोरात वाजले. पत्नी कौलांच्या बाजूने होत्या, कारण ती स्वस्त पडतील आणि छप्पर मेच्या आत होईल. पतींना वर कधीतरी आणखी एक खोली चढवायची आहे. या भांडणात मी मध्ये पडले नाही.