प्राथमिक करारावर मुलीच्या शिक्षणाचे पैसे लावावेत का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीच्या कॉलेजसाठी १५,००० डॉलर बाजूला ठेवलेत, दोन वर्षांनी लागतील. एका छोट्या औषध कंपनीने मोठ्या कंपनीशी प्राथमिक करार जाहीर केला आणि शेअर उसळला. अंतिम करार झाला की आणखी महागेल. आत्ताच घेऊ का?

उत्तर: ताई, हे पैसे त्यात घालू नका.

तुम्ही पाठवलेल्या निवेदनात शेवटी ‘बंधनकारक नाही’ असं लिहिलंय. म्हणजे सुपारी फुटलेली नाही, अजून पत्रिकाच बघतायत. मोठी कंपनी आता चाचण्यांची कागदपत्रं तपासेल. तोवर इतरांशी बोलणी करायची नाहीत, अशी अट बहुतेक वेळा छोट्या कंपनीवर असते. तिची शिल्लक मात्र रोज घटत राहते. बोलणी फिसकटली, तर पुढचा प्रत्येक जण विचारतो, त्यांनी का सोडलं?

आणि ‘बंधनकारक नाही’ म्हणजे कंपनी मोकळी, असंही नाही. २००६ मध्ये सिगा टेक्नॉलॉजीजने देवी रोगावरच्या आपल्या औषधाच्या परवान्यासाठी फार्मअथीन या दुसऱ्या औषध कंपनीशी दोन पानी अटी ठरवल्या. परवाना शुल्क ६० लाख डॉलर, आणि पानांच्या तळाशी ‘बंधनकारक नाही’. पुढे या दोघींच्या विलीनीकरणाच्या करारात एक कलम आलं: विलीनीकरण मोडलं तर याच अटींना धरून प्रामाणिकपणे बोलणी करायची. ते मोडलं. दरम्यान औषधाचं भवितव्य उजळलं होतं, म्हणून सिगाने सुरुवातीलाच १० कोटी डॉलर मागितले. फार्मअथीन कोर्टात गेली. २०१४ मध्ये सिगाने दिवाळखोरीचं संरक्षण घेतलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने सिगाने फार्मअथीनला द्यायची व्याजासह सुमारे १९.५ कोटी डॉलरची भरपाई कायम केली. औषध चांगलंच होतं हो, २०१८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण दोन्हीकडचे भागधारक नऊ वर्षं कोर्टाच्या तारखा मोजत राहिले. तुमच्या मुलीची फी दोन वर्षांत भरायची आहे.

आता तुमच्या त्या छोट्या कंपनीचा ताजा तिमाही अहवाल उघडा. रोख शिल्लक भागिले तिमाहीचा खर्च. वर्षभराचेही पैसे नसतील, तर वाढलेल्या भावात ती नवे शेअर विकण्याची शक्यता मोठी, आणि तुमचा हिस्सा पातळ होतो. अंतिम करार महत्त्वाचा असेल, तर चार कामकाजी दिवसांत शेअर बाजाराच्या नियामकाकडे (एसईसी) कळवावा लागतो. त्यात सही होताच मिळणारी रक्कम बघा. मथळ्यातले कोट्यवधी बहुधा पुढच्या टप्प्यांवर अवलंबून असतात.

कॉलेजचे पैसे ट्रेझरी बिलांत (अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत) किंवा विमा असलेल्या बचत खात्यात ठेवा. कंपनीवर विश्वास वाटत असेल, तर इतर बचतीतले पाचशे डॉलर, तेही अंतिम करारानंतर. तेव्हा शेअर महाग मिळेल ही तुमची भीती खरी आहे. मिळू दे.