उंच स्क्रीनचा लॅपटॉप जास्त टिकतो का?

प्रश्न: दादा, मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली. घरातल्या १५.६ इंची लॅपटॉपचं डावं बिजागर तुटलं, सोबत स्क्रीनमागचं कव्हरही उकललं. दुकानदार म्हणतो लांबट स्क्रीनवाले असेच मोडतात, आता १६ इंची उंच स्क्रीनचा घ्या, मजबूत असतो. खरंय का?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, अर्धंच खरंय. स्क्रीन जितकी रुंद तितकी ती मधे जास्त वाकते, लांब फळी मधे झुकते तसंच, आणि एका कोपऱ्याला धरून उघडली की पिळवटते, हे बरोबर. पण जरा मोजून बघा. तुमची जुनी १५.६ इंची स्क्रीन १६:९ ची (हे रुंदी आणि उंचीचं प्रमाण) असणार, म्हणजे ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ सेंमी उंच. आता दुकानदार दाखवतोय ती १६ इंची, १६:१० ची, तीही ३४.५ सेंमीच रुंद! उंची मात्र २१.५, म्हणजे झाकण २ सेंमीने लांब झालं, मग बिजागरावरचा ताण उलट थोडा वाढलाच ना. आकारामुळे फायदा हवा असेल तर १४ इंची १६:१० बघा, ३०.२ बाय १८.८, दोन्हीकडून लहान, शिवाय रोज बसने जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत नीट बसतो.

आणि खरं सांगू का, तुमचं बिजागर स्क्रीनच्या आकारामुळे तुटलेलं नाही असं मला ठामपणे वाटतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागराचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात, बिजागर घट्ट झालं की उघडताना सगळा जोर त्या प्लॅस्टिकवर येतो आणि एक दिवस नट उपटून बाहेर. कोपऱ्यात फट दिसली किंवा कट असा आवाज आला की तिथेच थांबायचं, बिजागर सैल करून घ्यायचं, ते काम कव्हर बदलण्यापेक्षा खूप स्वस्तात होतं.

लोक म्हणतात जुने चौकोनी ४:३ वाले दणकट होते, होतेच, पण ते जाड होते. २००६ च्या थिंकपॅड टी६० मध्ये आत मॅग्नेशियमचा सांगाडा होता आणि तो लॅपटॉप ४:३ आणि लांबट दोन्ही आकारात मिळायचा. जाडी दुप्पट केली की पत्रा आठपट ताठ होतो, त्यापुढे स्क्रीनचं गुणोत्तर फार किरकोळ गोष्ट आहे.

तर दुकानात असं करा, झाकण मागून बोटांनी हलकं दाबा, स्क्रीनवर डाग उमटतात का बघा. मग वरच्या कडेला मधोमध धरून उघडा, खालचा भाग सोबत वर उचलला गेला तर बिजागर जास्त घट्ट आहे. झाकण धातूचं मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा, कॅमेऱ्यावर जाड स्टिकर किंवा कीबोर्डवर पेन राहिलं असताना झाकण बंद करायचं नाही, काच तिथेच तडकते मग आकार कुठलाही असो.