बुशक्राफ्टसाठी (जंगलात मोजक्या साधनांवर राहण्यासाठी) पहिलाच चाकू घ्यायचाय. पातं जाड घेऊ की पातळ? कार्बन स्टील की स्टेनलेस?

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली: धार कोण लावणार? मी निवड तिथूनच सुरू करतो.

माझा पहिला चाकू 6 मिमी जाड आणि 18 सेंमी लांब पात्याचा होता. हातात घेतला की वाटायचं, आता अस्वल आलं तरी हरकत नाही. अस्वल काही आलं नाही. तंबूच्या खुंट्या तासायला मात्र बसलो, आणि पातं पाचरीसारखं लाकडात रुतायला लागलं. पातळ ढलपी निघायच्या ऐवजी तुकडे उडायचे. चौथ्या खुंटीला तळहातावर फोड आला.

कारण असं की जंगलात चाकूची बहुतेक कामं बारीक असतात. खाच पाडणं, दोर कापणं, विस्तव पेटवायला काडीवर कुरळ्या साली सोलून ठेवणं, भाजी चिरणं. त्यासाठी 9 ते 11 सेंमी लांब आणि 2.5 ते 3.2 मिमी जाड पातं भरपूर झालं. पात्याच्या पाठीवर दांडकं ठोकून ओंडके फोडायचे असतील तर दोन गोष्टी बघा. एक, पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं (फुल टँग म्हणतात ते हेच). दोन, ओंडक्यातून टोक बाहेर उरलं पाहिजे, नाहीतर पातं आत गेल्यावर ठोकणार कुठे? म्हणजे 10 सेंमीच्या पात्याने 6-7 सेंमी जाडीपर्यंतच फोडा. त्यापुढे कुऱ्हाड किंवा करवत घ्या, चाकूला छळू नका.

आता धार. कधीच चाकू पाजवला नसेल तर स्कँडी धार घ्या. तिच्यात पात्यावर दोन्ही बाजूंनी एकेकच रुंद, सपाट उतार थेट धारेपर्यंत येतो. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो, अंदाज लावावा लागत नाही. लाकडात ती सुरेख चालते. स्वयंपाकात मात्र वैताग देते, गाजराची चकती पडायच्या आधीच ते तडकतं. तुमचा चाकू लाकडापेक्षा चुलीपाशीच जास्त चालणार असेल तर पाठीपासून निमुळतं होत गेलेलं पातं बरं.

स्टीलवरून लोक विनाकारण भांडतात. साधं कार्बन स्टील दगडावर पटकन धार घेतं, पण ओलं ठेवलं तर एका रात्रीत गंजतं आणि आंबट फळ कापलं की काळवंडतं. रोज पुसून तेलाचा हात फिरवायची सवय असेल तर खुशाल घ्या. समुद्राकाठी किंवा पावसात फिरणार असाल, किंवा माझ्यासारखे आळशी असाल, तर स्टेनलेस. त्यातलं क्रोमियम (किमान 10.5 टक्के) गंज बराच रोखतं, पूर्ण नाही. फेरो रॉडवर (विस्तव पेटवायला घासतात ती धातूची कांडी) ठिणग्या पाडायला दोन्ही चालतात. त्यासाठी पाठीची कड काटकोनी आणि कडक हवी, गोलाई दिलेली नको.

मुठीबद्दल मी हट्टी आहे. चारही बोटं मावली पाहिजेत, हातमोजे घालणार असाल तर ते घालूनच धरून बघा. बोटांसाठी खोलगट खाचा पाडलेली मूठ टाळा, त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटांच्या मापाच्या असतात.

नावच हवं असेल तर मोरा या स्वीडिश कंपनीचा कम्पॅनियन हेवी ड्यूटी बघा. पातं 10 सेंमीच्या थोडं वर, जाडी 3.2 मिमी, धार स्कँडी. फुल टँग नाही, पण शिकायला उत्तम. फोडाफोडी जास्त असेल तर त्यांचाच गारबर्ग, तो फुल टँग आहे.

आणि घेताना चाकू म्यानात घालून म्यान उलटं हलवून बघा. पडला तर तो चाकू नकोच.