मंदावत्या ॲफ्टरग्लोची मोजणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गॅमा किरण स्फोटाचा ॲफ्टरग्लो (स्फोटानंतर उरणारा, हळूहळू विझणारा प्रकाश) पहिल्या दिवशी २०.० प्रतीचा होता (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितके तेज कमी). दहाव्या दिवशी किती मंद होईल?

प्रतीतील फरक = २.५ × अल्फा × लॉग (काळांचे गुणोत्तर). अल्फा म्हणजे तेज काळानुसार किती झपाट्याने घटते त्याचा घातांक; तो १.२ असेल तर २३.०. पण स्फोटातून निघालेल्या झोताचा वेग मंदावून त्याची कड दृष्टीच्या टप्प्यात आली की उतार तीव्र होतो. हा जेट ब्रेक दुसऱ्या दिवशी येऊन अल्फा २.२ झाला, तर दहाव्या दिवशी सुमारे २४.७. काळ मात्र उपग्रहाच्या ट्रिगरपासूनच (उपग्रहाने स्फोट टिपला त्या क्षणापासून) मोजा, आपल्या पहिल्या फ्रेमपासून नाही.

प्रश्न: एक प्रत खोल जायला एक्सपोजर किती वाढवावे?

आकाशाची उजळी वरचढ असताना ६.३ पट. पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम घ्या, दर फ्रेमला दुर्बीण १०–१५ आर्कसेकंद सरकवा आणि नंतर स्टॅक करा (म्हणजे सगळ्या फ्रेम जुळवून एकत्र मिळवा). सीइंग (हवेच्या हालचालीने ताऱ्याच्या प्रतिमेला येणारा पसरटपणा) १ वरून २ आर्कसेकंद झाले तर चौपट वेळ लागतो; अशा फ्रेमना स्टॅकमध्ये कमी वजन द्या.

प्रश्न: बाराव्या दिवसानंतर तेज घटायचे थांबले. मोजणी चुकली का?

बहुधा नाही. अशा वेळी दोन शक्यता आधी तपासाव्यात: यजमान दीर्घिकेचा (स्फोट जिच्यात झाला तिचा) प्रकाश आणि सुपरनोव्हा. दीर्घिकेचे तेज स्थिर राहते. सुपरनोव्हाचा उंचवटा साधारण १५ दिवस × (१ + ताम्रसृती) इतक्या काळाने शिखर गाठतो आणि रंग लालसर होतो (ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचे माप). म्हणून एकाच फिल्टरवर विसंबू नका. २९ मार्च २००३ च्या स्फोटात (ताम्रसृती ०.१७) वर्णपटातून सुपरनोव्हा निर्विवाद दिसला. ताम्रसृती १ च्या पुढे मात्र आपल्या दृश्य फिल्टरमध्ये त्याचा अतिनील भाग येतो, तो मुळातच दुबळा असतो, त्यामुळे उंचवटा सापडणे अवघड.

दोन्ही वेगळे करायचे तर काही महिन्यांनी, सगळे विझल्यावर, त्याच दुर्बिणीने आणि त्याच फिल्टरने टेम्प्लेट (फक्त दीर्घिका असलेली संदर्भ प्रतिमा) घ्या. जुन्या प्रतिमांतून तो वजा करा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण तिच्यावाचून उशिराचा आलेख भरवशाचा नाही. वजाबाकी फ्लक्सची (प्रत्यक्ष मोजलेल्या प्रकाशाची) करावी. प्रती थेट वजा केल्या तर उत्तर निरर्थक येते.

प्रश्न: काहीच दिसले नाही तर?

३ सिग्माची मर्यादा (नॉइजच्या तिप्पट तेजाची) द्या, तीही ॲफ्टरग्लोच्या जागेवर मोजून. मोकळ्या आकाशावर मोजली तर दीर्घिकेचा नॉइज सुटतो. सोबत मध्यवेळ, फिल्टर, आकाशगंगेतील धुळीची दुरुस्ती केली की नाही, आणि प्रती एबी की वेगा पद्धतीच्या (प्रतींचा शून्यबिंदू ठरवण्याच्या या दोन पद्धती) हे लिहा. आर फिल्टरमध्ये या दोन पद्धतींत सुमारे ०.२ प्रतीचा फरक पडतो.