उत्तरेकडे खिडक्या असलेल्या दिवाणखान्याला फिकट निळा रंग द्यावा की क्रीम?

खिडक्या फक्त उत्तरेकडेच असतील, तर फिकट निळ्याऐवजी किंचित पिवळसर झाक असलेला क्रीम किंवा बदामी रंग निवडावा. याचे कारण असे की, महाराष्ट्रात उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. जो उजेड येतो तो आकाशाचा, म्हणजे मुळातच निळसर असतो, आणि त्यात निळी भिंत आणखी थंड, पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी तर चक्क राखाडी दिसते. क्रीम रंगाचा पिवळेपणा याच उजेडात थोडा निवळतो. खरा घोळ रात्री होतो : ६५०० केल्विनची (केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या छटेचे माप) पांढरी एलईडी ट्यूब निळेपणा वाढवते, तर ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली फिकट निळ्यावर हिरवट छटा चढू शकते, म्हणून दिवे आधी ठरवावेत आणि रंग नंतर. (वास्तुशास्त्राचा विचार येथे केलेला नाही.) पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या खोलीला मात्र क्रीमचा हा सल्ला लागू नाही, तेथे दुपारनंतरच्या तांबूस उन्हात क्रीम रंग फार पिवळा पडतो आणि फिकट निळाच अधिक शोभतो. निर्णय शेडकार्डाच्या बोटभर पट्टीवरून घेऊ नये. दोन फुटी पुठ्ठ्यावर नमुन्याच्या रंगाचे दोन हात मारावेत आणि तो पूर्ण वाळल्यावर भिंतीला टेकवून, फरशीच्या रंगासह, सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून पाहावा.