ओटीटीवरचे व्हिडिओ ऑफलाइन सेव्ह केल्यावर अकाउंटला वॉर्निंग येते, ती कशी टाळायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहता, गणपतीला संगमेश्वरजवळ गावी जायचंय, तिथे रेंज धड नसते, म्हणून लॅपटॉपवर कुठलंतरी डाउनलोडर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकून सिरीज उतरवायला घेतली आणि मग मेल आला की तुमच्या अकाउंटवर नियमात न बसणारा वापर दिसतोय, परत दिसला तर अकाउंट बंद करू. आणि आता विचारताय की स्पीड कमी ठेवून, रात्री थोडं थोडं उतरवलं तर लक्षात येईल का.

येईल. मी ऐरोलीत एका व्हिडिओ ॲपच्या टेस्टिंगमध्ये काम करते, प्लेअर आणि डाउनलोड हाच माझा रोजचा विषय, त्यामुळे पलीकडच्या बाजूला तुमचा वापर कसा दिसतो ते आधी सांगते, मग तुमचं तुम्हालाच कळेल की एक्स्टेंशनच्या वाटेला का जायचं नाही. आणि काळजी करू नका, गावी बघायची सोय नीट होते, ती पण सांगते.

स्ट्रीमिंगचा व्हिडिओ म्हणजे एक अखंड फाइल नसते, त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि ते तुकडे लॉक असतात. तुम्ही प्ले दाबलं की ॲप आधी सर्व्हरकडे लायसन्स मागतं, म्हणजे हे अकाउंट, हे डिव्हाइस, हा एपिसोड, उघडायची परवानगी द्या. अँड्रॉइडवर आणि क्रोममध्ये हे काम वाइडवाइन नावाची सिस्टीम करते, ती बनवणारी कंपनी गूगलने २०१० मध्ये घेतली, आणि ॲपलवाल्यांचं फेअरप्ले आहे. लायसन्स मिळालं की प्लेअर पुढचे थोडेसेच तुकडे आणून ठेवतो आणि मधूनमधून सर्व्हरला कळवत राहतो की बघणारा आता अमुक मिनिटाला आहे, त्याच्यावरच तर तुमचं "पुढे बघा" चालतं.

आता खऱ्या माणसाचा लॉग, म्हणजे सर्व्हरवरची त्याच्या वापराची नोंद, उघडला की तो ओळखू येतो. सुरुवातीचं टायटल साँग स्किप केलंय, मग सलग बघितलंय, मध्येच पॉज, बहुतेक कुकरची शिट्टी झाली असेल किंवा दारावर कोणी आलं असेल, मग दहा सेकंद मागे जाऊन परत चालू, शेवटची नावं सुरू झाली की बाहेर. एक्स्टेंशनचा लॉग तसा नसतो. लायसन्स मागितलं, पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत ओळीने सगळं खेचलं, पॉज नाही, मागेपुढे नाही, कुठल्या मिनिटाला आहे त्याचा रिपोर्ट नाही आणि लगेच पुढचा एपिसोड, मग त्याच्या पुढचा. स्पीड हा या सगळ्यातला फक्त एक आकडा आहे, तो कमी केला म्हणून बाकीचं चित्र बदलत नाही. शिवाय तुमचं अकाउंट एकदा नजरेत आलेलंय, त्यामुळे तुम्हाला आता दुसऱ्या कोणापेक्षा जास्त जपून राहायला हवं.

मला जास्त काळजी मात्र वेगळ्याच गोष्टीची वाटते, त्या एक्स्टेंशनची. ते टाकताना क्रोमने एक खिडकी दाखवली असेल, त्यात लिहिलेलं असतं की हे एक्स्टेंशन सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकतं. आपण ते न वाचता ओके करतो. तुम्ही लॉगिन केलेलं असताना ब्राउझरमध्ये जी कुकी, म्हणजे तुमच्या लॉगिनची खूण, असते ना, ती ज्याच्या हातात गेली त्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही, तो सरळ तुमच्या अकाउंटमध्ये बसलेला असतो. आणि याच ब्राउझरमध्ये तुमची बँक, तुमचा मेल, ऑफिसचं काम पण चालतं. सगळी एक्स्टेंशनं चोर असतात असं मी म्हणत नाही, पण फुकट डाउनलोडरवाल्यांपैकी कोण काय करतो हे बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि एखाद्या सिरीजपायी एवढी जोखीम घेऊ नका हो, खरंच नका घेऊ. तुमच्या वॉर्निंगमागे तुमचं डाउनलोडच असेल असंही नाही, कदाचित दुसरंच कोणीतरी तुमच्या अकाउंटवर शिरलेलं असेल.

कायद्याचं पण एका वाक्यात सांगून टाकते. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ कलम आलं, हक्कांचा भंग करायच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद आहे. घरी बसून एक सिरीज उतरवली म्हणून कोणी पकडायला येईल असं सांगून तुम्हाला घाबरवत नाहीये, पण "मी पैसे भरलेत म्हणजे फाइल माझी" हा समज चुकीचा आहे, आपण बघण्याचे पैसे भरतो, ते पण प्लॅन चालू आहे तोवरच.

आता आज काय करायचं ते. पहिलं म्हणजे त्या मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. "अकाउंट बंद होणार" अशा नावाने खोटे मेल भरपूर फिरतात, वरचा लोगो अगदी हुबेहूब असतो, लिंक उघडली की कार्डाचा नंबर विचारतात. ॲप स्वतः उघडा, अकाउंटमध्ये जाऊन तिथे काही नोटीस दिसते का बघा, शंका असेल तर ॲपमधल्या हेल्पवरूनच विचारा. मग एक्स्टेंशन काढून टाका, नुसतं बंद करून ठेवू नका. त्यानंतर पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, हे दोन्ही करा, कारण काही ठिकाणी पासवर्ड बदलला तरी जुनी लॉगिनं चालू राहतात. व्हीपीएन लावत असाल तर तो पण बंद ठेवा, आज ठाणे आणि पुढच्या तासाला दुसराच देश असं दिसलं की संशय वाढतोच. नोटीस खरी असेल आणि उत्तर मागितलं असेल तर सरळ लिहा की एक्स्टेंशन वापरलं होतं, काढून टाकलंय, पासवर्ड बदललाय. एवढं पुरे.

आता मुख्य मुद्दा, गावी बघायचं कसं. मला वाटतं तुम्ही लॅपटॉपवर बटण शोधलंत आणि ते सापडलं नाही म्हणून एक्स्टेंशनकडे वळलात, कारण नेटफ्लिक्सने विंडोजच्या ॲपमधून डाउनलोड २०२४ मध्ये काढून टाकलं आणि ब्राउझरमध्ये तर ते नव्हतंच. मोबाइल नाहीतर टॅब घ्या, तिथे बटण आहे. प्राइम व्हिडिओचं मात्र लॅपटॉपचं ॲप पण आहे, त्यात डाउनलोडचं बटण दिसतं का ते बघा, ब्राउझरमधून मात्र होत नाही.

नेटफ्लिक्सवर किती डिव्हाइसवर डाउनलोड ठेवता येतात ते प्लॅनवर आहे, मोबाइल आणि बेसिकला एक, स्टँडर्डला दोन, प्रीमियमला सहा, आणि एका डिव्हाइसवर एका वेळी १०० पर्यंत. म्हणजे घरात मोबाइलवाला प्लॅन असेल आणि तुमच्या फोनवर उतरवलेलं असेल तर वहिनींच्या फोनवर परत उतरवायला गेलात की नकार येणार. ते बघून घाबरू नका, ती नुसती मर्यादा आहे, त्याने अकाउंटवर डाग लागत नाही. जुन्या फोनवरचे डाउनलोड काढले की जागा मोकळी होते.

क्वालिटी स्टँडर्ड ठेवा. फोनच्या स्क्रीनवर फरक फारसा कळत नाही आणि तासाला साधारण पाऊण जीबीच्या आत काम होतं, हाय ठेवलं की जागा भराभर संपते. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोडची जागा कार्ड अशी निवडा, आणि हे उतरवायच्या आधी करा. कार्डावरची फाइल दुसऱ्या फोनमध्ये घातली तर चालणार नाही, ती त्याच ॲपला उघडते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुदतीचा, म्हणून हे नीट वाचा. डाउनलोड केलेल्या प्रत्येक गोष्टीचं लायसन्स पण फोनमध्ये उतरलेलं असतं आणि त्याला तारीख असते. काही सिरीज बरेच दिवस राहतात, काही सात दिवसांत जातात, आणि काहींचं असं असतं की एकदा प्ले दाबलं की तिथून ४८ तास मोजायला सुरुवात. लोक काय करतात, निघायच्या आदल्या रात्री सगळे एपिसोड एकेक करून लावून बघतात की नीट उतरलेत ना, आणि तिथेच घड्याळ चालू होतं. तपासायचं असेल तर एअरप्लेन मोड टाका, डाउनलोडची यादी उघडा, एकेकाखाली मुदत काय दिसते ते बघा आणि प्ले फक्त एकच करून बघा, ज्याच्यापुढे मुदत लिहिलेली नाही असं. फोनची तारीख मागे करून मुदत वाढवायच्या भानगडीत पडू नका, त्याने असलेलं लायसन्स पण अडकायची शक्यता असते. ॲपमधून साइन आउट केलं किंवा ॲप काढून परत टाकलं तर डाउनलोड गेले असंच समजा, म्हणून वर सांगितलेलं सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करायचं काम आधी उरका आणि मगच उतरवायला बसा. आणि प्लॅनचं रिन्यूअल गणपतीच्या मधेच येतंय का तेवढं बघून ठेवा.

गावी गेल्यावर एखाद्याची मुदत संपली तरी हातातून गेलं असं नाही. व्हिडिओचे तुकडे फोनमध्येच असतात, नवीन लायसन्स तेवढं लागतं आणि ते अगदी छोटं असतं, काही केबींचं. आपल्याकडे गावात कुठेतरी एक जागा असतेच जिथे एक कांडी रेंज येते, देवळाच्या पायऱ्या किंवा वरच्या आळीतला चढ, तिथे उभं राहून डाउनलोडच्या बाजूचं उद्गारचिन्ह दाबून रिन्यू करायचं. पूर्ण एपिसोड परत उतरत नाही. काही वेळा वर्षात कितीदा रिन्यू होणार त्याला मर्यादा असते, तसं असेल तर ॲप आधीच सांगतं की ही शेवटची वेळ.

युट्युबचं वेगळं आहे. प्रीमियम असेल तर ॲपमध्ये डाउनलोड होतं आणि महिन्यातून एकदा तरी फोन नेटला जोडावा लागतो, प्रीमियम नसलं तरी आपल्याकडे काही व्हिडिओंना डाउनलोडचं बटण येतं, पण ते थोड्या मुदतीचं असतं. मुलांचा अभ्यास असेल तर एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांची मोफत लेक्चरं, किंवा एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरच्या साइटवर जा, तिथे लेक्चरं डाउनलोडला त्यांनी स्वतःच ठेवलेली आहेत, ती पेन ड्राइव्हवर घेऊन कुठेही लावा, कोणाची हरकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे गावी गेल्यावर आजी-आजोबांचा हिरमोड होणार नाही. फोनमध्ये उतरवलेलं गावच्या टीव्हीवर लागेल हे गृहीत धरू नका, नेट नसताना कास्ट, म्हणजे फोनवरचं वायरशिवाय टीव्हीवर लावणं, होत नाही आणि बऱ्याच ॲपमध्ये केबल लावली तरी पडदा काळा राहतो. सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर मोठ्या स्क्रीनचा टॅब न्या आणि उतरवायचं ते त्याच टॅबवर उतरवा. ट्रेनमध्ये पण तोच कामाला येतो, दिवा-सावंतवाडीला गर्दीत उभं राहायला लागलं तर गोष्ट वेगळी, पण बसायला जागा मिळाली तर वाटेतल्या बोगद्यांत सगळ्यांचं नेट गेलेलं असताना तुमचं चालू राहील. उतरवायला निघायच्या दोन दिवस आधी घरच्या वायफायवर बसा, फार आधी नको नाहीतर सात दिवसांवाले गावी पोचल्या पोचल्या संपतील, आणि शेवटच्या रात्री पण नको कारण तेव्हा बॅगा भरायच्या असतात. आणि कुठलं ॲप आहे ते कळवा, प्रत्येकात सेटिंगची जागा थोडी वेगळी असते, मी बघून सांगते.